लाथाड गाय
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला 'गृहिणी आणि गोपालन' असा भारदस्त विषय दिला होता. पण मी जे काही शिकले ते एकाच गाईपाशी, आणि तेही लाथा खाऊन. तेव्हा तिचीच हकीगत सांगते.

तांबू माझ्या माहेराहून आली तेव्हा पहिलारू होती. आपल्या रत्नागिरीकडची बुटकी, काटक गाय. याच गाईंची २०१८ साली 'कोंकण कपिला' या नावाने स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली. दूध थोडे, पण डोंगरउतारावर चरून पोट भरणारी आणि पावसाला दाद न देणारी. तांबू मात्र मलाही दाद देईना! आचळाला हात लावला की लाथ. चरवी एकीकडे आणि मी एकीकडे. सासूबाई म्हणाल्या, "अगो, ही गाय नव्हे, खेचर आहे!" मागचे पाय दोरीने बांधून पाहिले. दूध आणखीच कमी झाले. यजमान तर तिला गिऱ्हाईक बघू लागले.

एका संध्याकाळी लागोपाठ तिसऱ्यांदा दूध सांडले. माझा राग अनावर झाला आणि मी तिला काठीने मारले. दुसऱ्या दिवशी मी गोठ्याच्या दारात दिसताच ती दावे ओढून थरथरू लागली. तिचे वासरूही तिच्या पोटाआड दडले. मला फार वाईट वाटले, पण काय करावे ते सुचेना.

अखेर गुरांच्या डॉक्टरांना बोलावले. सासूबाईंचा शेरा ऐकून ते हसले. म्हणाले, "खेचराला उगाच नावे ठेवू नका. घोडा घाबरला की पळत सुटतो, गाढव घाबरले की जागीच उभे राहते. खेचर म्हणजे घोडी आणि गाढव यांचे पोर. पुढची वाट धोक्याची वाटली की तेही अडून राहते. आपण त्याला हट्टी म्हणतो." एवढे बोलून ते खाली वाकले आणि तांबूच्या उजव्या बाजूचे मागचे आचळ मला दाखवले. त्याला चांगली खोल चीर पडली होती. भगिनींनो, इतके दिवस त्या चिरेवर मीच बोटे दाबत होते आणि वर काठीही चालवली होती!

त्यानंतर मी पहिल्यापासून सुरुवात केली. आधी दुखण्याचा उपाय. नखे कापली, हात धुतले, कोमट पाण्याने कास पुसली आणि चिरेला डॉक्टरांनी दिलेले मलम लावले. चीर भरल्यावर आचळे मऊ राहावीत म्हणून कोकमतेल. दुधात गाठी किंवा रक्त दिसले, कास गरम वा कडक लागली, तर मात्र घरगुती उपाय करीत बसू नये, डॉक्टरच गाठावे.

मग भीतीचा उपाय. गाईचे डोळे दोन बाजूंना असतात, त्यामुळे तिला दोन्हीकडचे पुष्कळ दिसते. पण अगदी पाठीमागचे दिसत नाही. तिथून अचानक हात आला की ती लाथ मारणारच. म्हणून मी दारातूनच "आले गो बाय" म्हणू लागले. आधी खांद्यावर हात, मग पाठीवरून तो तसाच न उचलता मांडीपर्यंत. रोज तीच वेळ, तीच बाजू, तेच शब्द. समोर आंबोणाचे घमेले आणि शेजारी वासरू.

तिसरी गोष्ट सवयीची. लाथ मारली की बाई उठून जाते, हा धडा तांबूने माझ्याकडूनच घेतला होता. आता तिने पाय उचलला तरी मी मांडीवरचा हात हलवीत नसे. पाय खाली टेकला की लगेच हात काढायचा आणि शाबासकी द्यायची. आठ दिवस मी चरवी आणलीच नाही, दूध वासराला पिऊ दिले. पुढे एकेक आचळ करीत तिसऱ्या आठवड्यात पुरती धार निघाली.

पान्ह्याचे शास्त्रही मला तेव्हाच कळले. वासराने ढुसण्या दिल्या किंवा कास चोळली की गाईच्या मेंदूतून एक द्रव्य रक्तात उतरते, मिनिटाभरात कासेत पोहोचते आणि दूध सुटते. त्याचा जोर पाच-सात मिनिटेच टिकतो. गाय भ्याली तर पान्हा अडतो. पाय बांधून दूध का आटले, ते यावरून ध्यानात येईल.

तांबू पूर्ण सुधारली असे म्हणणार नाही. परका हात लागला की अजून पाय उचलते. गेल्या वर्षी मी महिनाभर मुंबईस लेकीकडे होते. तेव्हा तिला विकायला निघालेले आमचे यजमान माझे जुने पातळ अंगावर घेऊन, "आले गो बाय" म्हणत धारेला बसत होते! शेजारणींनी ते पाहिले आहे, म्हणून लपवण्यात अर्थ नाही.

तेव्हा भगिनींनो, आपल्या गोठ्यातले जनावर अडले तर आधी त्याचे दुखते कुठे ते पाहा, मग ते भिते कशाला ते पाहा, आणि मग आपणच त्याला काय शिकवून ठेवले आहे ते आठवा. काठी या तिन्हींत कुठेच बसत नाही.