कुऱ्हाडीची पारख



ज्या व्यासपीठावरून आपण संतवाङ्मयावर, इतिहासावर आणि अर्थकारणावर व्याख्याने ऐकता, त्या व्यासपीठावर उभे राहून मी आज कुऱ्हाडीवर बोलणार आहे. चालकांनी विषय विचारला आणि मी तो सांगितला, तेव्हा त्यांना प्रथम वाटले की मी थट्टा करतो आहे. माझे शाळेतले शिक्षण सातवीत संपले. पुढचे वाचन झाले ते उसाच्या फडावर कंदिलाच्या उजेडात आणि नंतर युनियनच्या कचेरीत. तेव्हा ज्या वस्तूची मला खरोखर माहिती आहे, तिच्यावरच बोलावे हे बरे.

दसरा-दिवाळी झाली की आपल्या अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या तालुक्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे 'एक कोयता' म्हणतात आणि एकट्या माणसाला 'अर्धा कोयता'. हत्याराच्या नावाने माणूस मोजला जातो असा धंदा दुसरा मला ठाऊक नाही. या जोडीच्या संसारात भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण आणि दोन कोयते यांच्याबरोबर एक कुऱ्हाडही असते. कोयता फडाचा आणि कुऱ्हाड तळाची. कोपी उभारताना बांबू तासायचे, बैलांसाठी खुंट ठोकायचे, वेडी बाभूळ तोडून चुलीपुरते सरपण फोडायचे आणि मोडलेल्या गाडीला रानातच लाकूड बसवायचे, ही सारी कामे तिची. पाच-सहा महिने ही एकच कुऱ्हाड पुरवायची असते आणि खिशात पैसे थोडे असतात. तेव्हा थोड्या पैशांत चांगली कुऱ्हाड कशी निवडावी, हा प्रश्न वाटतो तितका लहान नाही.

तो मला कसा कळला ते सांगतो. १९९१ सालच्या हंगामात आमच्या तळावर एका संध्याकाळी मी सरपण फोडीत होतो. कुऱ्हाड मुकादमाकडून आलेली, नवी कोरी, लाल रंगाच्या दांड्याची. चौथ्या की पाचव्या घावाला पाते दांड्यातून निसटले आणि चुलीपाशी बसलेल्या माझ्या भावजयीच्या नडगीवर बसले. हाड मोडले. भाऊ आणि भावजय मिळून एक कोयता होते, ते त्या क्षणापासून अर्धा कोयता झाले. दवाखान्याचा खर्च उचलीत चढला आणि न भरलेल्या दिवसांचे खाडे वेगळे लागले. तो हंगाम संपला तेव्हा त्यांच्या अंगावर आणताना होते त्याहून अधिक कर्ज होते. कुऱ्हाड मात्र स्वस्त होती.

आता पारख. पहिली गोष्ट लोखंडाची. आपले गाव पोलादाचे गाव आहे. भंगार वितळवून येथे जी सळई तयार होते तिच्यावर किती गावांची घरे उभी राहिली याची गणती नाही. पण गंमत अशी की या सळईपासून चांगली कुऱ्हाड होत नाही! हा सळईचा दोष नव्हे. बांधकामाची सळई वाकली पाहिजे, मोडता कामा नये, म्हणून तिच्यात कर्ब मुद्दाम कमी ठेवतात. प्रमाणाप्रमाणे तो सुमारे ०.३० टक्क्याच्या आतच असावा लागतो. एवढ्या कमी कर्बाचे लोखंड कितीही तापवून पाण्यात बुडवले तरी त्याला टिकाऊ धार येत नाही. कुऱ्हाडीला ०.५ ते ०.६ टक्के कर्बाचे पोलाद लागते आणि ते सापडते मालमोटारीच्या कमानपाट्यात. म्हणून जाणता लोहार किंवा रस्त्याकडेला पाल ठोकून बसलेला घिसाडी मोडका कमानपाटा शोधत हिंडतो. घिसाडी पुरुष सांडशीने लोखंड धरतो आणि त्याची बायको घण घालते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. त्या पालासमोर थांबून 'पाते कशाचे आहे?' एवढे विचारणारा गिऱ्हाईक मात्र विरळा.

दुसरी गोष्ट पाण्याची. लोहार पाते लालभडक करून त्याची धार पाण्यात बुडवतो. त्या क्षणी पोलाद काचेसारखे कडक आणि काचेसारखेच ठिसूळ होते. मग मागच्या भागातली ऊब हळूहळू धारेकडे येते आणि घासून उजळ केलेल्या पात्यावर रंग धावतात : आधी गव्हाळ पिवळा, मग तांबूस, मग जांभळा, शेवटी निळा. कुऱ्हाडीला जांभळ्यावर थांबवावे. पिवळ्यावर थांबवली तर गाठीवर धार उडते आणि निळ्याच्या पुढे गेली तर वळते. ही पोथीतली विद्या नव्हे, डोळ्यांची आहे. गिऱ्हाइकाने तिची परीक्षा कानशीने करावी. धारेवर कानस लोण्यात गेल्यासारखी उतरली, तर पाते मऊ आहे. अजिबात न धरता घसरली, तर फार कडक आहे. कुरकुरत, थोडे थोडे धरत चालली, तर पाते घ्यावे. जवळ सहाणेचे यंत्र असेल तर ठिणग्याही बोलतात. मऊ लोखंडाच्या ठिणग्या लांब आणि सरळ जातात, कर्बाच्या पोलादाच्या ठिणग्यांना फुलबाजीसारखे फाटे फुटतात.

तिसरी परीक्षा कानाची. पाते सुतळीला टांगून दगडाने हलकेच वाजवावे. खणखणले तर ठीक, बद्द वाजले तर कोठे तरी चीर असण्याची शंका धरावी. चौथी डोळ्याची. दांड्याच्या भोकातून धारेकडे पाहावे, दोन्ही एका रेषेत हवीत. हल्ली पत्र्याला नळीचा तुकडा वीजजोडाने चिकटवून कुऱ्हाडी विकतात. तो जोड बारकाईने पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. भोक बाहेरच्या तोंडाला किंचित रुंद असावे, म्हणजे पाचर ठोकली की लाकूड फाकून पात्याला घट्ट धरते. माझ्या त्या कुऱ्हाडीचे भोक सरळ नळीसारखे होते आणि पाचरीच्या जागी एक खिळा होता.

वजनाच्या बाबतीत आपण पुरुषमंडळी उगीच फुशारकी मारतो. तळावरची कुऱ्हाड बाईही चालवते, थकलेला माणूसही चालवतो. एका हाताने चालवायच्या कुऱ्हाडीचे पाते ६०० ते ८०० ग्रॅमचे आणि दांडा सुमारे दीड फुटाचा पुरे. दांडा बाभळीचा, धावड्याचा किंवा तिवसाचा घ्यावा. लाकूड वाळलेले असावे आणि त्याचे तंतू टोकापासून टोकापर्यंत सरळ धावत असावेत. रंगवलेला दांडा कधी घेऊ नये. रंगाखाली गाठ लपते, चीर लपते आणि ओले लाकूडही लपते. पाते सैल झाले की आपले लोक कुऱ्हाड रात्रभर पाण्यात ठेवतात. सकाळी लाकूड फुगून घट्ट होते खरे, पण वाळले की पहिल्यापेक्षा सैल होते. त्यापेक्षा नवी पाचर मारावी आणि दांड्याला महिन्यातून एकदा जवसाचे तेल पाजावे. यंत्रावर धार लावताना पाते निळे पडू देऊ नये. घडोघडी पाण्यात बुडवावे, नाही तर लोहाराने दिलेले पाणी उतरून जाते.

तेव्हा स्वस्त म्हणजे काय? माझे उत्तर असे की रंगाचे आणि दांड्याचे पैसे वाचवावेत, पोलादाचे वाचवू नयेत. नुसते पाते लोहाराकडून घ्यावे आणि दांडा घरी बसवावा. भंगारात जुने पाते मिळाले, त्याला चीर नसली आणि ते जळालेले नसले, तर ते शेवटून घ्यावे. बाजारातल्या चकचकीत कुऱ्हाडीपेक्षा ते पुष्कळदा सरस निघते. उरलेल्या पैशांत एक कानस घ्यावी. बोथट कुऱ्हाड घसरून पायावर येते. 'आपल्याच पायावर कुऱ्हाड मारून घेतली' असे आपण म्हणतो, तेव्हा दोष नेहमी माणसाला देतो. धारेकडे कोणी पाहत नाही.

परंतु निवडीचा अधिकारच नसेल, तर ही सारी पारख काय कामाची? उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या 'टॉमहॉक' नावाच्या लहान कुऱ्हाडीविषयी मी वाचले आहे. युरोपातले व्यापारी आले आणि दगडी पात्याच्या जागी लोखंडी पाते आले. हत्यार सुधारले यात शंका नाही. पण हडसन उपसागराकडचे व्यापारी शरद ऋतूत शिकाऱ्याला माल उधार देत आणि हिवाळाभर धरलेल्या जनावरांच्या कातड्यांनी तो वसंतात फेडून घेत. हे वाचताना मला परका देश वाटेना. हंगामाआधी उचल, हंगामाअखेर हिशेब आणि वही दुसऱ्याच्या हातात!

ती वही, मंडळी, आमच्या टोळीत माझ्या हातात होती. मला लिहिता-वाचता येई आणि अक्षर बरे होते, म्हणून मुकादमाने दोन हंगाम हिशेब माझ्याकडे दिला. त्याने कोयते आणि कुऱ्हाडी घाऊक आणल्या आणि टोळीला वाटल्या. ज्या भावाने आणल्या, त्याच्या दुप्पट भावाने मी त्या एकेकाच्या नावावर मांडल्या. भावजयीच्या पायावर पडलेली कुऱ्हाड भावाच्या नावे मीच लिहिली होती. 'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ' ही म्हण मी लहानपणापासून ऐकत होतो. तो दांडा कोण, हे त्या रात्री मला समजले. भावजय आता थकली आहे, अजून किंचित लंगडते. तिने मला कधी बोल लावला नाही. वहीतला आकडा तिला मी सांगितला तो फार वर्षांनी.

पुढे मी युनियनच्या कामाला लागलो. माझी पहिली मागणी मजुरीच्या दराची नव्हती. चाळीस जोड्यांना एकत्र बसवून मी एवढेच म्हणालो की यंदा हत्यारे उचलीत घ्यायची नाहीत. सर्वांनी थोडे थोडे पैसे काढले, कमानपाटे वजनावर घेतले आणि खंडेनवमीच्या आधी लोहाराला बसवून पाती करून घेतली. प्रत्येक पाते बायकांनी वाजवून आणि कानस लावून पाहिले. सात पाती परत दिली, ती लोहाराने मुकाट्याने पुन्हा केली. मुकादमाच्या वहीतल्या भावापेक्षा आमची कुऱ्हाड निम्म्याने स्वस्त पडली. पण मला आठवते ते वेगळेच. जिने पाते परत केले, त्या बाईने हंगामाअखेर स्वतःचा हिशेबही दोनदा वाचून दाखवायला लावला. लोखंडावर प्रश्न विचारण्याची सवय लागली की कागदावरही प्रश्न विचारता येतो.

आपण शहरातली मंडळी आहात. आपल्यापैकी काहींचे पोलादाचे कारखाने आहेत, काहींची हार्डवेअरची दुकाने आहेत आणि साखर तर सर्वांच्याच घरी आहे. दुकानदारांना माझी विनंती एवढीच की दसऱ्याच्या सुमारास कोणी खेडूत बाई पाते वाजवून पाहू लागली, कानस मागू लागली, तर तिच्यावर खेकसू नका. तिला कानस द्या. ती केवळ कुऱ्हाड घेत नाही, सहा महिन्यांसाठी आपल्या माणसांचे हातपाय सांभाळते आहे.