आवडता कुर्ता, न उसवता

माजरीहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतो आहोत. हातातलं काम चालू राहू द्या, फक्त मापं सांगू तेव्हा कागद-पेन्सिल जवळ असू द्या.

आपल्या प्रत्येकीकडे एक कपडा असा असतो, जो अंगाला नीट बसतो. निंदणाला वाकलं तरी पाठीत ओढत नाही, कापूस वेचताना काखेत काचत नाही. आणि नेमका तोच आधी विरतो. आमच्या गावात कोळशाची धूळ, म्हणून धुणंही जास्त.

आमच्यातल्या एका ताईचा असाच एक कुर्ता होता, तिच्या आईने शिवलेला. आई आता नाही. कुर्ता खांद्यावर जाळीसारखा झाला, तेव्हा तसाच दुसरा शिवायला ती शिंप्याकडे गेली. तो म्हणाला, आधी हा उसवावा लागेल. ताई कुर्ता घेऊन परत आली. आईचे टाके तिला तोडायचे नव्हते.

मग आम्ही तो न उसवता उतरवायचं ठरवलं. मापाचा ब्लाऊज आपण शिंप्याला देतोच, ही त्याचीच पुढची पायरी. कागदाचे फर्मे विकण्याचा आपला धंदा अमेरिकेत एबेनेझर बटरिक या शिंप्याने १८६३ साली सुरू केला. त्याच्याही आधीपासून घरोघरी जुना कपडा समोर ठेवूनच नवा बेतला जायचा.

आता कृती ऐका. कुर्त्याला इस्त्री करा. जमिनीवर गोधडी, तिच्यावर वर्तमानपत्र. कुर्ता उभा मधोमध दुमडा, खांद्यावर खांदा आणि बगलेवर बगल. पुढचा भाग वर येऊ द्या आणि घडी कागदाच्या सरळ कडेला लावा. बाही बाजूला सारा. आता गळा, खांदा, मुंढा आणि बगल यांच्या शिलाईवरून अर्ध्या-अर्ध्या इंचावर टाचणी टोचत जा. टाचणी शिलाईवरच टोचायची, म्हणजे कापडाला इजा होत नाही. खाली गोधडी असल्यामुळे कागदावर भोकं उमटतात. ती पेन्सिलीने जोडा. घेराच्या कडेने सरळ रेघ मारा. मागचा भाग वर घेऊन दुसऱ्या कागदावर हेच करा. पुढचा गळा आणि पुढचा मुंढा जास्त खोल असतो, म्हणून एकाच कागदावर दोन्ही भागवू नका. बाही लांबीत दुमडून तिसऱ्या कागदावर उतरवा आणि तिची पुढची बाजू कोणती, ते लिहून ठेवा.

मग टेपने पडताळा. कुर्त्याची छाती ४० इंच असेल, तर पुढच्या आणि मागच्या कागदावर मिळून २० इंच यायला हवी.

इथे आमची पहिली चूक झाली. कागद बरोबर उतरला, पण माया ठेवायची राहिली. जुन्या साडीचा नमुना शिवला, तो छातीवरच अडकला. बरं झालं, नवं कापड आधी कापलं नव्हतं. म्हणून रेघेच्या बाहेर बगलेला एक इंच, खांद्याला आणि मुंढ्याला अर्धा इंच, गळ्याला पाव इंच आणि खाली दीड इंच माया ठेवा. बाहीलाही विसरू नका. कागदावर मोठ्या अक्षरात लिहा : माया धरली आहे.

कापड सुतीच घ्या, आपला उन्हाळा ४५ अंशांच्या वर जातो. ४४ इंच पन्ह्याचं कापड असेल, तर ४० इंच लांबीच्या कुर्त्याला अडीच मीटर बहुधा पुरतं. तरी घरी चादरीवर फर्मे मांडून बघा आणि मगच दुकानात जा. सुती कापड आटतं, म्हणून रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून कापा. उभा धागा काठाच्या दिशेने ठेवा, नाहीतर कुर्ता एका बाजूला लोंबतो. आधी धावदोरा घाला, घालून बघा, दोन्ही हात वर करा, खाली वाका. मग मशीन.

त्या कुर्त्याचे कागद शेजारी शेजारी ठेवले, तेव्हा आम्हाला एक गोष्ट दिसली. पाठीचा भाग पुढच्यापेक्षा एक इंच रुंद होता. लेक वावरात दिवसभर वाकून काम करते, हे आईने धरलं होतं. आणि आत उलटून पाहिलं, तर बगलेत दोन-दोन इंच माया. पुढे अंग भरलं, तर उसवून मोठा करता यावा म्हणून. ताई कितीतरी वेळ त्या बगलेवरून हात फिरवत बसली.

तो कुर्ता आता घडी घालून पेटीत आहे, आईचे सगळे टाके जागच्या जागी. नवा कुर्ता घालून ताई वेचणीला जाते. त्याच्या बगलेतही तिने दोन इंच ठेवले आहेत.

कागद फेकू नका. त्यावर नाव आणि तारीख घाला, गुंडाळी करून उंदरांपासून जपा. शेजारणीने मागितला, तर त्यावरून दुसरा कागद काढून द्या. आणि तुमचा आवडता कपडा अगदी विरायची वाट बघू नका. चांगला आहे तोवरच उतरवून घ्या, ताणलेल्या कपड्याचं माप खोटं येतं.

येत्या बैठकीला येताना प्रत्येकीने एक आवडता कपडा आणि चार वर्तमानपत्रं आणायची. गोधडी आमच्याकडे आहे.