हृदयस्पंदकाची तार आणि तिची जागा

नांदेड-परभणीकडील माणसाला सिकंदराबाद हे नाव परके नाही. १९५६ पर्यंत हा सारा मुलूख हैदराबाद राज्यातच होता आणि मनमाडहून निघणारा लोहमार्ग परभणी, नांदेड, निजामाबाद करीत सिकंदराबादलाच जाऊन पोहोचतो. राज्यांची पुनर्रचना झाली, तरी दुखणे मोठे असले की गाडीत बसून तिकडे जाण्याची वहिवाट मोडली नाही. तेथून उपचार घेऊन परतणाऱ्या काही रुग्णांच्या हासळीच्या हाडाखाली, कातडीच्या आत, मनगटी घड्याळाच्या तबकडीएवढी एक चपटी डबी बसविलेली असते. हाच हृदयस्पंदक, म्हणजे पेसमेकर.

हृदयाला ठोका देणारे विजेचे केंद्र त्याच्या उजव्या वरच्या कप्प्यात निसर्गतःच असते. तेथून निघालेली लहर खालच्या कप्प्यांपर्यंत पोहोचली नाही, तर नाडी मिनिटाला तीस-चाळिसावर येते आणि माणूस चालता चालता भोवळ येऊन पडतो. स्टॉकहोम येथे ८ ऑक्टोबर १९५८ रोजी शल्यचिकित्सक सेनिंग आणि अभियंता एल्मक्विस्ट यांनी अशा रुग्णाच्या शरीरात पहिला स्पंदक बसविला. ती डबी काही तासांतच बंद पडली. पण आर्ने लार्सन नावाचा तो रुग्ण पुढे डब्या बदलत बदलत २००१ पर्यंत जगला. त्याच १९५८ साली न्यूयॉर्कमध्ये फुर्मन यांनी छाती न उघडता शिरेतून तार हृदयापर्यंत नेण्याची पद्धत दाखवून दिली. आज बहुतेक सर्वत्र हीच वाट वापरली जाते.

लोकांचे लक्ष डबीकडे असते. परंतु हृदयाला स्पर्श करते ती तार. हासळीखालील शिरेतून ती उजव्या वरच्या कप्प्यात उतरते आणि झडपेतून उजव्या खालच्या कप्प्यात टेकविली जाते. या मार्गात एक चकवा आहे. गर्भावस्थेत हृदयाच्या दोन वरच्या कप्प्यांमधील पडद्याला एक छिद्र असते. ते जन्मानंतर मिटते. पण सुमारे चौथा हिस्सा माणसांत ते पुरते सांधलेले नसते. तार त्यातून नकळत डावीकडे सरकली, की ती डाव्या खालच्या कप्प्यात जाऊन बसते. क्वचित शिरेऐवजी धमनीत सुई गेल्यानेही तार त्याच ठिकाणी पोहोचते.

गंमत अशी की, तेथेही ती आपले काम चोख करते. नाडी सुधारते, भोवळ थांबते, रुग्ण आनंदाने घरी जातो. समोरून घेतलेल्या क्ष-किरण चित्रात दोन्ही कप्पे एकमेकांवर आल्यासारखे दिसतात आणि तार योग्य जागी असल्याचा भास होतो. छातीचे चित्र बाजूने घेतले, तरच फरक उघड होतो. उजव्या कप्प्यातील तार छातीच्या मधल्या हाडाकडे, म्हणजे पुढे झुकते. डाव्या कप्प्यातील तार मागे, पाठीच्या कण्याच्या दिशेने जाते.

एकाच खुणेवर विसंबल्याने काय होते, याचा एक दाखला हैदराबादच्याच वैद्यकीय इतिहासात आहे. क्लोरोफॉर्मची भूल देताना रुग्ण अकस्मात का दगावतात, हे शोधण्यासाठी रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने व निजामाच्या आश्रयाने १८८८ व १८८९ साली दोन आयोगांनी शेकडो प्राण्यांवर प्रयोग केले. आधी श्वास थांबतो, हृदय मागाहून. म्हणून श्वासाकडेच लक्ष द्यावे, असा निष्कर्ष निघाला. श्वासावर नजर ठेवण्याची शिकवण मोलाचीच होती. पण हलक्या भुलीतही हृदय एकाएकी विस्कळीतपणे थरथरून बंद पडू शकते, हे लेव्ही यांनी १९११ मध्ये मांजरांवरील प्रयोगांतून दाखविले. इतके कष्ट घेऊनही हैदराबादच्या प्रयोगांत नेमकी तीच बाजू पाहायची राहिली होती.

तार डावीकडे गेल्याने बिघडते काय? तारेवर रक्ताची लहानशी गुठळी धरू शकते. उजव्या बाजूची गुठळी फुफ्फुसाच्या जाळ्यात अडकते. डाव्या बाजूची गुठळी सुटली, तर थेट मेंदूकडे जाऊ शकते. स्पंदक बसविलेल्या माणसाची वाचा क्षणभर अडखळली, एका डोळ्यापुढे अंधारी आली किंवा हात लुळा पडला, तर घरची माणसे ते वयावर किंवा वाऱ्यावर ढकलतात. तसे न करता त्याला ताबडतोब रुग्णालयात न्यावे.

प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्यालाही शंका घेता येते. उजव्या कप्प्यातून दिलेल्या ठोक्याची रेघ हृदयालेखात ‘व्ही-१’ या स्थानी सामान्यतः खाली उतरते. ती ठळकपणे वर गेलेली दिसली, तर बाजूचे क्ष-किरण चित्र आणि हृदयाचे इको चित्रण करून घ्यावे. नीट बसलेली तारही क्वचित असा आलेख देते, आणि काही विशेष स्पंदकांत डाव्या कप्प्यासाठी हृदयाच्या बाहेरील शिरेतून मुद्दाम तार नेलेली असते. तेव्हा केवळ आलेखावरून कोणालाही घाबरवू नये.

चूक पहिल्या काही दिवसांत कळली, तर तार काढून पुन्हा बसविता येते. वर्षे लोटली, की ती स्नायूत रुतते आणि ओढताना गुठळी सुटण्याची भीती असते. मग बहुधा वॉरफेरिनसारखे रक्त न गोठू देणारे औषध जन्मभर घ्यावे लागते. नुसती ॲस्पिरिन त्यासाठी भरवशाची नाही. औषधाची मात्रा रक्त तपासूनच ठरते, आणि खरी अडचण येथेच आहे. तपासणीसाठी तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी खेपा घालाव्या लागतात. सुगीत एक खेप चुकते, मग दुसरी चुकते, आणि बरे वाटत असलेला माणूस गोळीच सोडून देतो.

जागेवर बसलेली तार पहिल्या आठवड्यांत निसटूही शकते. म्हणून सुमारे सहा आठवडे त्या बाजूचा हात खांद्यावर उचलू नये. पोहरा ओढणे, गवताचा भारा डोक्यावर घेणे टाळावे. डबी बोटांनी फिरविण्याची सवय काहींना लागते, तिने तार गुंडाळून वर खेचली जाते. भोवळ परत आली, छातीत कळ उठली, किंवा नाडीच्या ठोक्याबरोबर उचकी वा पोटाचा स्नायू उडू लागला, तर तार सरकली असेल किंवा हृदयाच्या भिंतीतून पार गेली असेल.

रुग्णालयातून मिळालेला इंग्रजी कागद वाचून घेण्यासाठी गावात पुष्कळदा शाळेतील गुरुजींकडेच जातात. गुरुजींनी त्यात डबी बसविल्याची तारीख, तिचा क्रमांक, तारांची संख्या, पुढील तपासणीचा दिवस आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधाचे नाव पाहावे व ते मराठीत लिहून द्यावे. छातीचे चित्र समोरून व बाजूने असे दोन्ही प्रकारे घेतले आहे काय, हेही विचारावे. नसेल, तर पुढच्या खेपेस ते मागून घेण्यास सांगावे.