नदीकाठचे रान

(शाळेच्या निसर्गमंडळात झालेले भाषण)



आज आपण दूर उत्तरेकडे जाऊ. तेथे अलास्कात तनाना नावाची नदी आहे. ती पुढे युकॉन नदीला मिळते. हिवाळ्यात ती गोठते. उन्हाळ्यात डोंगरांवरच्या हिमनद्यांचे पाणी तिला मिळते. ते पाणी फार गढूळ असते. नदी एका काठाची जमीन तोडते आणि दुसरीकडे नवा गाळ टाकते.

अशा काठाची पाहणी कशी करतात? पाण्यापासून रानाकडे एक लांब दोरी ताणतात. दोरीच्या कडेने ठरावीक अंतरावर चौकट ठेवतात. चौकटीतली झाडे-रोपे मोजतात. जवळच खड्डा खणून मातीचे थर, रंग आणि ओल पाहतात. सारे वहीत लिहून ठेवतात.

मग काय दिसते? पाण्याजवळ नुसता गाळ असतो. त्यावर प्रथम विलोची झुडपे उगवतात. त्यांचे कापसासारखे बी वाऱ्यावर उडत येते. मागोमाग आल्डर वाढते. आल्डरच्या मुळांवर गाठी असतात. त्यांतले सूक्ष्म जीव हवेतला नायट्रोजन घेऊन झाडाला देतात. झाडाची पाने गळून कुजली की माती सकस होते. आपल्या मॉरिशसच्या किनाऱ्यावर फिलाओची झाडे वाळूत वाढतात. त्यांच्याही मुळांवर अशाच गाठी असतात.

आल्डरच्या मागे उंच पॉपलर दिसतात आणि त्यांच्याही मागे स्प्रूसचे जुने रान. ओसाड गाळाचे असे रान व्हायला शंभर-दोनशे वर्षे लागतात.

स्प्रूसच्या खाली मऊ शेवाळाची जाड गादी असते. ती उन्हाळ्याची ऊब खाली जाऊ देत नाही. जमिनीत लोखंडी सळई खुपसली, तर काही ठिकाणी ती टणक थरावर अडते. तो थर उन्हाळ्यातही गोठलेला असतो! पण वणव्यात शेवाळ जळले तर त्यातला बर्फ वितळू लागतो. जमीन खचते आणि झाडे कलतात. आता पृथ्वी तापत आहे, त्यामुळे हा धोका वाढला आहे. म्हणून फेअरबँक्स शहराजवळच्या रानात शास्त्रज्ञ १९८७ पासून ठरलेल्या जागा पुन्हापुन्हा मोजत आहेत. एका वर्षाच्या नोंदीवरून जमीन कशी आहे ते कळते. अनेक वर्षांच्या नोंदींवरून ती कशी बदलते ते कळते.

मुलांनो, तुम्हीही शाळेच्या बागेत एक चौकट ठेवा. दर महिन्याला तीत काय उगवले ते लिहा. आपल्या पायांखालची माती तुम्हांला खूप काही सांगेल.