गिटार घेतलेला नाटककार



कॅबरे म्हटले, की आपल्या डोळ्यांपुढे हिंदी चित्रपटातला झगमगाट उभा राहतो. जर्मनीतला कॅबरे मात्र आपल्या वगनाट्याच्या जवळचा. लहानशी जागा, बेताचे प्रेक्षक, आणि गाण्यांतून, नकलांतून राजाला नि समाजाला काढलेले चिमटे. अशा ठिकाणी गिटार घेऊन गाणाऱ्या एका नाटककाराची आज ओळख करून घेऊ. त्याचे नाव फ्रांक वेडेकिंट.

तो १८६४ साली हॅनोव्हरला जन्मला आणि स्वित्झर्लंडमध्ये वाढला. मुलाने कायदा शिकावा ही वडिलांची इच्छा; मुलाचे चित्त लेखनात. काही काळ त्याने मॅगी कंपनीच्या जाहिराती लिहून पोट भरले. होय, तीच मॅगी, जी आज आपल्या गावच्या दुकानातही मिळते!

१८९१ मध्ये त्याने स्वखर्चाने एक नाटक छापले. त्याच्या नावाचा अर्थ ‘वसंताची जाग’ असा होईल. नाटक आहे चौदा-पंधरा वर्षांच्या मुलामुलींचे. शिक्षकबंधुभगिनींनो, इथे जरा लक्ष द्या. वेंडला ही मुलगी आईला विचारते, मूल होते तरी कसे? आई लाजते, उडवाउडवीचे उत्तर देते. पुढे काही न कळताच मुलीला दिवस जातात, आणि गर्भपाताच्या औषधाने तिचा जीव जातो. मोरित्स हा मुलगा अभ्यासाच्या धास्तीने पिचलेला. तो नापास होतो आणि आत्महत्या करतो. मग शाळेत गुरुजनांची सभा भरते. मोरित्सला कुणी न सांगितलेली शरीरधर्माची माहिती त्याच्या मित्राने, मेल्खिओरने, लिहून दिली होती. तेव्हा मित्राला शाळेतून काढायचे! आणि एक पोर गेलेले असताना या सभेत वाद कशावर रंगतो? खोलीची खिडकी उघडावी की नाही, यावर! मुख्याध्यापकाचे नावच लेखकाने ‘उष्माघात’ असे ठेवले आहे.

असे नाटक कोण रंगभूमीवर आणणार? पंधरा वर्षे ते पुस्तकातच राहिले. मधल्या काळात, १८९८ मध्ये, एका साप्ताहिकात त्याने सम्राट विल्हेल्मच्या पॅलेस्टाइन यात्रेची कवितेतून थट्टा केली. राजद्रोहाचा ठपका आला. तो परदेशी निसटला, पण पुढच्या वर्षी स्वतः होऊन हजर झाला आणि क्योनिगश्टाइनच्या किल्ल्यात कैद भोगून आला.

१९०१ साली म्युनिकमध्ये ‘अकरा जल्लाद’ नावाचा कॅबरे निघाला. वेडेकिंट तिथे जाऊन गाऊ लागला. शब्द त्याचे, चाली त्याच्या, साथही त्याचीच. नाटकगृहांची दारे बंद असली, तरी एका गिटारीवर त्याला श्रोते मिळाले आणि चार पैसेही. अखेर १९०६ मध्ये माक्स राइनहार्ट या दिग्दर्शकाने बर्लिनमध्ये ‘वसंताची जाग’ रंगभूमीवर आणले. तेही सेन्सॉरने काटछाट केल्यावर.

१९१८ मध्ये वेडेकिंट वारला. तेव्हा वीस वर्षांच्या एका तरुणाने त्याच्यावर वृत्तपत्रात मृत्युलेख लिहिला. तो तरुण म्हणजे बेर्टोल्ट ब्रेश्ट. नाटकात गाणे आणून प्रेक्षकाला विचार करायला लावण्याची रीत त्याने पुढे फार मोठी केली. त्याच्या एका नाटकावरून पु. ल. देशपांडे यांनी लिहिलेला ‘तीन पैशाचा तमाशा’ १९७८ मध्ये मराठी रंगभूमीवर आला, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल.

मूळ नाटकाचा शेवट सांगून थांबतो. मोरित्सच्या कबरीपाशी मेल्खिओर मरणाच्या वाटेवर उभा असतो. तेवढ्यात मुखवटा घातलेला एक गृहस्थ येतो आणि त्याला जगण्याकडे परत नेतो. १९०६ च्या त्या प्रयोगात ही भूमिका वेडेकिंटने स्वतः केली होती. आपल्याकडेही निकालाच्या दिवशी एखादे पोर घरी जायला घाबरते. त्याच्याशी त्याच दिवशी, रागावण्याच्या आधी, कुणीतरी बोलले पाहिजे. गावात ते काम बहुधा मास्तरांकडेच येते.