विश्वामित्रीच्या कोतरांतून



बडोद्याच्या माणसाला रानात भटकायला जायचं असलं की तो जांबुघोड्याचं नाव घेतो, नाहीतर पावागडाचं. दोन्ही ठिकाणं सुंदरच आहेत. पण आज मला सांगायचं आहे ते शहराच्या ऐन मध्यावरच्या रानाबद्दल. समा, फत्तेगंज, कमाटीबाग, अकोटा, मुजमहुडा, वडसर ही नावं तुमच्या रोजच्या बोलण्यातली. या सगळ्यांना जोडत जाणारी विश्वामित्री आणि तिच्या दोन्ही काठांची कोतरं, हेच ते रान. पुलावरून गाडी नेताना ते नजरेला येत नाही. त्यासाठी एक आख्खा दिवस काढून पायीच निघावं लागतं.

दिवस मार्गशीर्ष-पौषातला निवडावा. सूर्य वर येण्याआधी समाच्या बाजूला पोहोचावं. सोसायट्यांच्या भिंती संपतात, चार पावलं मोकळी जमीन लागते आणि मग पुढची जमीन एकदम खाली जाते. काठ दोन-तीन मजले खोल. मुख्य पात्राला आजूबाजूने असंख्य घळी येऊन मिळतात, त्यांत आणखी बारीक घळी. हीच कोतरं. ती कशी झाली हे समजायला पावागड आठवावा लागतो. विश्वामित्री उगम पावते तिथे. तो डोंगर ज्वालामुखीचा, आपल्या सह्याद्रीच्याच लाव्हाच्या कुळातला. पण डोंगर सोडला की नदीला लागते ती नद्यांनीच आणून टाकलेली गाळाची मऊ माती. त्या मातीत पावसाचं पाणी सहज चरे पाडतं, चर रुंदावत जातो, आणि वर्षानुवर्षांनी त्याची घळ होते. उतार कमी असल्यामुळे नदीही सरळ न जाता वळणं घेत जाते. नकाशावर तिची ही नागमोड बघताना मला दर वेळी वाटतं, हिला कुठे पोहोचायची घाईच नाही.

कोतरांच्या कडेने चालताना सर्वांत जास्त दिसते ती वेडी बाभूळ, जिला इथले लोक गांडो बावळ म्हणतात. ती परदेशातून आलेली, आणि तिने बरीच जागा बळकावली आहे. पण तिच्या जाळीत थोडं निरखून पाहिलं की जुनी मंडळी भेटतात : कडुनिंब, शमी, करंज, उंबर, पीलू आणि अधूनमधून एखादा प्रचंड वड. सकाळच्या वेळी मोर ओरडतात. खंड्या पाण्यावरून निळी रेघ ओढून जातो, पाणकावळे पंख पसरून वाळत बसतात. ओल्या मातीवर मुंगसाची पावलं दिसली तर मुलांना जरूर दाखवावीत. शहरातल्या मुलाला पावलांवरून प्राणी ओळखता येणं ही मला मोठी गोष्ट वाटते.

आणि ऊन जरा तापलं की मगरी वर येतात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो : बडोद्यासारख्या मोठ्या शहराच्या मधोमध मगरींची एवढी वस्ती जगात फार क्वचित आहे. २०२५ च्या गणनेत विश्वामित्रीत चारशेहून अधिक मगरी मोजल्या गेल्या. महाराष्ट्रात सांगलीजवळ कृष्णेत आणि चिपळूणच्या वाशिष्ठीत मगरी आहेत, पण इथे विद्यापीठ, रेल्वे स्टेशन आणि राजवाडा यांच्यामधल्या पट्ट्यात त्या नांदतात. मगरीचं रक्त थंड, म्हणून थंडीत तिला ऊन खावंच लागतं. तोंड उघडं टाकून ती पडून राहते ते आपल्याला घाबरवायला नव्हे, अंगातली उष्णता सावरण्यासाठी. ती काठात बिळं खणते, उन्हाळ्याच्या तोंडाशी मातीत अंडी घालते. पाऊस सुरू व्हायच्या सुमाराला पिल्लं बाहेर येतात. नर होणार की मादी, हे अंड्याभोवतीच्या मातीच्या उबेवर ठरतं. म्हणजे काठाची माती हाच तिचा पाळणा. ती माती गेली, काठाला सिमेंट आलं, की मगरीचा वंश चालायचा कसा?

एक सूचना मात्र कळकळीने करतो. वरच्या काठावरूनच बघा. पाण्याच्या कडेला उतरू नका, मुलांना उतरू देऊ नका, काही खायला टाकू नका. मगरीच्या हल्ल्यात इथे माणसं दगावली आहेत. गुजरातेत खोडियार मातेचं वाहन मगर आहे आणि तिला मानणारी माणसं मगरीला आई म्हणून हात जोडतात. हा आदर अंतर राखूनच टिकला आहे.

दुपारपर्यंत कमाटीबागेत यावं. सयाजीराव महाराजांनी १८७९ साली ही बाग केली ती नदीला बाजूला सारून नव्हे, तिला बागेतून वाहू देऊन. मला महाराजांच्या अनेक कामांत हे फार मोलाचं वाटतं. शहराला पाणी हवं होतं तेव्हा त्यांनी वरच्या अंगाला आजव्याचा तलाव बांधला, तो आपण सयाजी सरोवर म्हणून ओळखतो. त्या तलावाचं पाणी आजही बडोदेकर पितात. बागेतल्या वडाखाली डबा उघडावा. दांडिया बाजारच्या घरांतून निघालेल्या थालीपिठाबरोबर शेजारच्या कुटुंबाचं ढेबरं वाटून घ्यावं, तसं झाल्याशिवाय बडोद्यातली सहल पूर्ण होत नाही.

मग बागेतल्याच संग्रहालयात अर्धा तास जरूर काढावा, कारण तिथे याच नदीकाठाची एक जुनी खूण आहे. अकोट्याला १९५१ मध्ये जैन मूर्तींचा ठेवा सापडला, अडुसष्ट कांस्यमूर्ती, त्यांतल्या जुन्यांत जुन्या पाचव्या-सहाव्या शतकाच्या आसपासच्या. उमाकांत प्रेमानंद शाह यांनी त्यांचा अभ्यास करून त्या जगापुढे मांडल्या. शांत, अर्धोन्मीलित डोळ्यांच्या त्या मूर्ती मी पुन्हा पुन्हा बघत आलो आहे. आजचं बडोदं वसण्याच्या आधी अकोट्याला अंकोट्टक नावाचं नांदतं गाव होतं. ते विश्वामित्रीच्याच काठी, उंचवट्यावर होतं. उंचवटा माणसाला आणि खालची कोतरं पाण्याला, अशी ती वाटणी होती.

संग्रहालयातून निघून अकोट्याकडे चालू लागलं की ती वाटणी कुठे कुठे मोडली ते डोळ्यांना दिसतं. एका ठिकाणी घळीच्या तोंडाशी बांधकामाचा राडारोडा ओतलेला. दुसरीकडे घळ पूर्ण भरून सपाट केलेली, वर गाड्या लावलेल्या. त्याच्या पुढे सांडपाण्याचा पाइप उघड्यावर नदीत सोडलेला. उन्हाळ्यात विश्वामित्रीत जे वाहतं त्यात बराचसा वाटा आपल्या न्हाण्याधुण्याच्या पाण्याचा असतो, हे नाक दाबून चालणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही.

आणि मग पाऊस येतो. ३१ जुलै २०१९ रोजी बडोद्यात एका दिवसात पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला. २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीने सदतीस फुटांची पातळी ओलांडली. धोक्याची पातळी सव्वीस फुटांची. कितीतरी घरांतून तळमजल्यावरची कपाटं, गाद्या, पुस्तकं, देवघरं पाण्यात गेली, आणि अंगणात मगरी आल्या. त्या दिवसांत लोक म्हणत होते, नदी घरात शिरली. पूर ओसरल्यावर मी एका परिचितांच्या घरी चिखल उपसायला गेलो होतो. त्यांच्या घरामागे पूर्वी एक कोतर होतं, हे त्यांच्या वृद्ध आईने मला हात करून दाखवलं. आता तिथे पक्का रस्ता आहे. पावसाचं पाणी पूर्वी त्या घळीत चढायचं, रेंगाळायचं, मातीत मुरायचं आणि मग सावकाश उतरायचं. घळ गेली तरी पाणी काही कमी झालं नाही, आणि त्याला जागा तर हवीच.

राष्ट्रीय हरित लवादाने मे २०२१ मध्ये विश्वामित्रीच्या पूरक्षेत्राची आखणी करून नदीचं संरक्षण करण्याचा आदेश दिला. २०२४ च्या पुरानंतर, २०२५ च्या उन्हाळ्यात, पात्रातला गाळ काढण्याचं आणि ते रुंद करण्याचं मोठं काम शहरात झालं. पुराने पोळलेल्या माणसाला यंत्रं चालताना बघून धीर येतो, ते मी समजू शकतो. पण खोल खणलेल्या पात्रातून पाणी वेगाने पळतं आणि खालच्या गावांवर जाऊन आदळतं. शिवाय उन्हाळा हाच मगरींच्या अंड्यांचा काळ. पाण्याला थोपवून धरणारी कोतरं, तळी आणि काठावरची मुळं राखली नाहीत, तर दर काही वर्षांनी पुन्हा खणत बसावं लागेल.

संध्याकाळी वडसरला पोहोचावं. इथे शहर विरळ होतं आणि काठावरची शेतं दिसू लागतात. बडोद्याचं रक्षण करणारे म्हणून जे नवनाथ महादेव लोक मानतात, त्यांतला कोटनाथ इकडेच. इथून विश्वामित्री पुढे जाऊन ढाढर नदीला मिळते आणि ढाढर खंभातच्या आखाताला. वडसरच्या काठावर बसलात तर शेतकऱ्यांशी बोला. पूर कुठवर आला होता, कोणत्या वर्षी, कोणत्या घळीने पाणी अडवलं, हे त्यांना पाठ असतं.

माझी पालिकेकडे मागणी एवढीच आहे, आणि श्रोत्यांनीही ती करावी असं मला मनापासून वाटतं : उरलेल्या प्रत्येक कोतराचा नकाशा तयार करा, त्यावर सर्व्हे नंबर घाला, आणि तो प्रत्येक वॉर्ड कचेरीच्या दारात गुजरातीत, मराठीत, हिंदीत लावा. म्हणजे पुढच्या वेळी राडारोड्याचा ट्रक घळीच्या तोंडाशी उभा राहिला, तर तिथे राहणाऱ्या माणसाला नकाशावर बोट ठेवून तो थांबवता येईल.