कावीळ आणि शरीरद्रवांची साक्ष
(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिल्ली येथे दिलेले भाषण)



यकृताच्या रुग्णांना तपासताना आम्हांला एक प्रश्न वारंवार ऐकावा लागतो. रुग्ण बाहेर जातो, पत्नी क्षणभर मागे रेंगाळते आणि हळूच विचारते, "डॉक्टरसाहेब, यांचं ताट वेगळं ठेवू का?" आजचे आमचे भाषण म्हणजे या प्रश्नाचे उत्तर होय.

कावीळ हे लक्षण आहे; रोग निराळा. लघवी गडद पिवळी होते ती पित्तातील रंगद्रव्यामुळे. तेवढ्यावरून विषाणूची ओळख पटत नाही. यकृतदाहाचे प्रमुख विषाणू पाच : ए, बी, सी, डी आणि ई. पैकी ए आणि ई विष्ठेवाटे बाहेर पडतात व दूषित अन्नपाण्यातून पोटात शिरतात. १९५५-५६ साली याच दिल्लीत यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळले आणि सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. त्या वेळचे रक्ताचे नमुने जपून ठेवलेले होते. म्हणूनच पुढे कित्येक वर्षांनी तो दोष 'ई' विषाणूचा, हे सिद्ध झाले.

बी, सी आणि डी यांचे मुख्य वाहन रक्त. डॉ. ब्लुमबर्ग यांना ऑस्ट्रेलियातील एका आदिवासीच्या रक्तात सापडलेले प्रथिन हे बी विषाणूचे बाह्य आवरण ठरले. या शोधाबद्दल त्यांना १९७६ साली नोबेल पारितोषिक लाभले. पुढे हेच प्रथिन रुग्णांच्या लाळेत, वीर्यात आणि जलोदराच्या पाण्यातही आढळले. येथेच भीतीचा उगम आहे. परंतु द्रवात विषाणूची खूण सापडणे निराळे आणि त्या द्रवातून रोग जडणे निराळे. लाळेत विषाणूचे प्रमाण रक्ताच्या मानाने फारच अल्प असते. एका पंक्तीत जेवल्याने वा गळाभेटीने बी किंवा सी पसरत नाही. पसरतो तो दूषित सुईने, दुसऱ्याच्या वस्तऱ्याने, शरीरसंबंधाने, आणि प्रसूतिसमयी मातेकडून बालकाला.

हिरड्यांवरून पट्टी फिरवून करावयाची सी-ची चाचणीही विषाणू शोधीत नाही. ती शोधते शरीराने त्याच्याविरुद्ध निर्माण केलेली प्रतिद्रव्ये. आजार अद्याप आहे की नाही, याचा निर्णय रक्तातील विषाणूच्या चाचणीनेच होतो.

तेव्हा, भगिनींनो, ताट वेगळे करू नका. वस्तरा, नखे कापण्याचे साधन व दात घासण्याचा ब्रश मात्र वेगळे ठेवा. घरातील सर्वांचे रक्त तपासून घ्या. ज्यांना बी-ची बाधा नाही व लसही झालेली नाही, त्यांना ती टोचून घ्या. नवजात बालकाला बी-ची पहिली मात्रा चोवीस तासांच्या आत मिळालीच पाहिजे. सी तर बहुधा बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो, आणि २०१८ सालच्या राष्ट्रीय कार्यक्रमान्वये सरकारी केंद्रांत तपासणी व औषधोपचार विनामूल्य आहेत.

आपण घरापासून दूर राहणारी माणसे. परक्या मुलुखात आजाऱ्याला आधार तो आपलाच. त्याने लाजून आजार लपविला, तर उपचाराची वेळ टळते. म्हणून मंडळाच्या पुढल्या पंगतीत त्याला आवर्जून बोलवा आणि आपल्या शेजारचा पाट द्या, एवढीच आमची विनंती.